उजवी बाजू कुणाची?

मित्रांनो, मी शून्य नंबरचा एक जुना कुंचला आहे. माझ्या दांड्याचा लाल रंग उडाला आहे, केस धरून ठेवणारी पत्र्याची नळी चेपली आहे, आणि टोकाला जेमतेम चाळीस केस शिल्लक आहेत. पण माझ्या अवतारावर जाऊ नका. मी पापण्या रंगवल्या आहेत आणि मेंदूही उचलला आहे.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते चित्रकलेच्या एका शिक्षिकेने. तिची भाची तिच्याकडेच राहायची आणि तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणू लागलो. आभाळ, डोंगर, भिंती ही कामं जाड्या कुंचल्यांची. मांजराच्या मिशा किंवा बाळाच्या पापण्या आल्या की मावशीचा हात आपोआप माझ्याकडे वळायचा. "हा नसता तर माझी सगळी बाळं पापण्यांवाचून राहिली असती," असं ती वर्गात सांगायची, आणि मी बरणीत जरा ताठ उभा राहायचो.

मग मावशीच्या ओटीपोटात दुखू लागलं. लघवी साठवणारी आपली पिशवी, म्हणजे मूत्राशय, जरा भरलं की तिला आग व्हायची. तासाला दोनदा वर्ग सोडून जावं लागायचं. बाई किती वेळा गेल्या हे मुलं बोटांवर मोजायची. तपासण्या झाल्या. लघवी स्वच्छ निघाली, पिशवीही ठीक निघाली. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. मावशीने घरी येऊन ते हसत हसत सांगितलं, पण तिच्यासकट कुणालाच हसू आलं नाही. वर्षभरात तिने शाळा सोडली. शेवटच्या दिवशी घाईत तिने मला बरणीत उलटा, केसांवर उभा ठेवला, आणि तसाच मी तीन वर्षं वाळलो.

ते वाक्य भाचीच्या मनातून मात्र गेलं नाही. डोक्यात म्हणजे नेमकं कुठे, असा तिचा प्रश्न होता. विज्ञान शिकून ती अशा एका प्रयोगशाळेत लागली, जिथे मूत्राशयाचं जुनाट दुखणं आणि मेंदू यांचा संबंध शोधत होते. तिथे बारीक टोकाचा कुंचला हवा होता. तिने मला मागितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "ने. इथे काय, धूळच रंगवतोय तो."

भाचीने मला कोमट पाण्यात भिजवून माझे केस सरळ केले, आणि माझा दुसरा जन्म सुरू झाला. ज्या उंदरांचं मूत्राशय बरेच दिवस दुखत होतं, त्यांच्या मेंदूचे काप एका बशीत पाण्यावर तरंगायचे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. बोट लागलं की फाटणार. मी हळूच खालून जाऊन एकेक काप काचपट्टीवर पसरवायचो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या जाग्या, म्हणजे दुखण्याच्या वेळी काम करत असलेल्या, पेशी हिरव्या चमकायच्या. मेंदूत बदामाएवढा नव्हे, पण बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. दुखण्याच्या वेळी या दोन बदामांपैकी जास्त जागा कोण, हे भाचीला शोधायचं होतं. डावं-उजवं ओळखता यावं म्हणून काप करण्याआधी मेंदूच्या उजव्या बाजूला एक छोटी खाच पाडायची, असा नियम वहीत लिहिलेला होता. निम्मे मेंदू भाची करायची, निम्मे तिथले जुने तंत्रज्ञ काका.

सहा महिन्यांनी बेरीज केली, तर दोन्ही बाजू सारख्याच. फरक शून्य. प्रमुख मॅडमनी शांतपणे सांगितलं की शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही, तर हा प्रश्न इथेच थांबवू आणि दुसरा घेऊ. भाचीने मला तीनदा धुतलं. धुण्यासारखं काही नव्हतं, तरी.

गुरुवारी ती घरची किल्ली विसरून आली, म्हणून मावशी ती द्यायला आली. कुठेही गेली की मावशी आधी बाथरूम कुठे आहे ते विचारते, तसं तिने इथेही विचारलं. परत आल्यावर भिंतीवरचे हिरवे फोटो बघत उभी राहिली. प्रत्येकाखाली 'खाच = उजवी' असं लिहिलं होतं.

"ही उजवी कुणाची गं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढताना त्याचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला येतो. माझा अर्धा वर्ग दरवर्षी तिथेच चुकायचा."

 भाचीने काकांना हाक मारून विचारलं की खाच पाडताना ते मेंदू कसा ठेवतात.

"उताणा," काका म्हणाले. "पहिल्यापासून. आणि खाच माझ्या उजव्या हाताला."

"मी पालथा ठेवते, काका."

काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सहा महिने मी उंदराच्या डावीलाच उजवी म्हणत होतो?"

बेरजेत दोघांची कामं एकमेकांना खोडत होती. कोणता मेंदू कुणी केला हे प्रत्येक डबीवर लिहिलेलं होतं, त्यामुळे काकांच्या डब्यांचं डावं-उजवं उलटवता आलं. फरक दिसू लागला. मॅडम मात्र लगेच हुरळल्या नाहीत. पुन्हा करा, त्या म्हणाल्या, नव्या उंदरांवर, आणि मोजणाऱ्याला कुठला काप कुणाचा हे कळू न देता. पुन्हा चार महिने मी बशीत डुबक्या मारल्या. तेव्हाही उजवा बदामच जास्त जागा निघाला. उंदराचा उजवा.

त्या संध्याकाळी भाची मला खिशात घालून घरी आली आणि तिने सगळं सांगितलं.

"मग मी बरी होणार?" मावशीने विचारलं.

भाची खोटं बोलली नाही. "इतक्यात नाही, मावशी. हे उंदरात दिसलंय. माणसात काय ते बघायला वर्षं जातील. पण डोक्यात असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. एवढं मी फोटोसकट सांगू शकते."

 मावशीने हात पुढे करून मला मागितलं, आणि इतक्या वर्षांनी कागद घेतला. मध्ये दोनदा तिला उठावं लागलं. मी बशीच्या काठावर आडवा, ओला, वाट बघत राहिलो. चित्र झालं ते आपल्याकडे तोंड करून बसलेल्या एका उंदराचं. त्याच्या उजव्या पंजाला, म्हणजे आपल्या डावीकडच्या, लाल दोरा बांधलेला होता. आज ते चित्र काकांच्या टेबलासमोर लावलेलं आहे.

मित्रांनो, चित्र संपलं की कुंचला धुवा आणि आडवा ठेवा, केसांवर उभा करू नका. आणि कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याच्या समोर उभं राहून आपलं डावं-उजवं त्याला लावू नका. त्याचं उजवं कुठे आहे, ते त्यालाच विचारा.