जावयाचं शुद्ध पाणी

माणूस फार गोड बोलायला लागला की मी आधी पर्स चाचपते. माझा जावई तर पाण्याबद्दलसुद्धा गोड बोलायचा.

लेक-जावयाच्या घरामागे चामड्याचा कारखाना होता, म्हणून बोअरच्या पाण्यात क्रोमियम. विषच ते. जावई रसायनं शिकलेला. त्याने गच्चीवर टाकी बसवली. आत पांढरी पावडर आणि जांभळा दिवा. "आई, उजेड पडला की ही पावडर विषाचा जोर मोडते," म्हणाला. नळाच्या पाण्याचा नमुना तो प्रयोगशाळेत द्यायचा आणि दरवेळी पाणी पास. दरवेळी! अहो, भाजीत मीठसुद्धा रोज सारखं पडत नाही.

माझी लेक पोटुशी, म्हणून मी तिथे राहायला आले होते. आणि ती तेच पाणी पीत होती. 

हा बाटलीत दुसरंच पाणी भरतो, अशी माझी खात्री. पाळत ठेवली. तर हा माझ्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरायचा, खिडकीत ठेवायचा आणि दुपारी कामावर जाताना न्यायचा. इतका सरळपणा बघून तर माझा संशय आणखीच वाढला.

शेवटी मीच त्या नळाखाली बाटली भरली. कुणाला दिसू नये म्हणून शालीत गुंडाळली, पिशवीच्या तळाशी कोंबली आणि प्रयोगशाळेत देऊन आले. तिथल्या बाईंचा फोन आला: पाणी नापास. विष मर्यादेच्या कितीतरी वर.

जेवताना मी तोफ डागली. "काय जावईबापू, बाटलीत कुठलं पाणी भरता? मी तपासायला दिलेलं नळाचं पाणी तर नापास झालं!"

"आई, काहीतरीच काय!" लेक ओरडली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही बाटली कुठे ठेवली होती?"

"शालीत, पिशवीत. का, तिला हवा खायला न्यायची होती?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या बाटल्या खिडकीत असतात. उन्हात." मग नळाकडे बघत म्हणाला, "पावडरीचे कण पाण्याबरोबर नळात येतायत. उन्हात ते बाटलीतसुद्धा काम करत राहिले. टाकीतला दिवा पुरत नाहीये आणि मी उन्हाने साफ केलेलं पाणी तपासत बसलो."

त्याने लेकीच्या हातातला पेला काढून घेतला. घाईत पाणी तिच्या ताटात सांडलं. मग तो तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

मी जिंकले होते म्हणे. देवा, हा लबाड असता तर किती बरं झालं असतं! लबाडाला खरं काय ते ठाऊक असतं. त्याने निदान स्वतःच्या बायकोला तरी ते पाणी पाजलं नसतं.