त्यानं विचारलं, काकांनी हो म्हटलं

मी एक पेन ड्राइव्ह बोलतोय. लोक कॉम्प्युटरला लावतात ना, त्याच जातीचा. पण माझं आयुष्य गेलं ते संगीताच्या कीबोर्डच्या पाठीला चिकटून. अंगठ्याच्या पेराएवढा आहे मी. टोपण कधीच हरवलंय. गळ्यात लाल लोकरीचा धागा आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मला सुखदुःख फारसं कळत नाही. मला जागा कळते. किती भरली आणि किती उरली. तेव्हा माझ्याकडून रडारडीची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातलं काही आठवत नाही. आठवण ठेवायची सोय आधी करावी लागते, ती तेव्हा झाली नव्हती. पुढे एका दुकानात खिळ्याला बरेच दिवस लटकत होतो. शेजारी माझ्याहून कितीतरी मोठ्या पोटाची भावंडं यायची आणि दोन दिवसांत विकली जायची. गिऱ्हाईक माझ्यावरचा आकडा वाचायचं, नाक मुरडायचं आणि पुढच्याला हात घालायचं.

मग एके दिवशी मावशी आल्या आणि म्हणाल्या, सगळ्यात लहान द्या. दुकानदाराला वाटलं, बाईंना कळत नाही. तो मोठ्याचे गुण सांगू लागला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमचा कीबोर्ड जुना आहे, त्याला मोठा लावला तर तो ओळखच देत नाही, ढिम्म बसून राहतो. दुकानदारानं मला खिळ्यावरून काढलं. माझी धूळ त्यानं शर्टाला पुसली.

मावशी म्हणजे नाचाच्या क्लासातल्या मुलांच्या मावशी. एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये तो क्लास भरायचा. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, आणि कोपऱ्यात मावशी कीबोर्ड घेऊन. नृत्यबाई टाळ्या वाजवून पावलं मोजायच्या आणि मावशी वाजवायच्या. मावशींचे यजमान संध्याकाळी कीबोर्ड उचलायला यायचे. मावशींचा नवरा म्हणून मुलं त्यांना काका म्हणायची.

घरी नेल्यावर मावशींनी मला पहिल्यांदा कीबोर्डला लावलं. त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. काका मागे उभे होते, त्यांनी विचारलं काय म्हणतोय. मावशी म्हणाल्या, नवीन काही लावलं की तो असं विचारतोच, हो म्हणायचं. त्यांनी हो केलं, आणि कीबोर्डनं मला आतून स्वच्छ पुसून आपल्या पद्धतीचे कप्पे घालून दिले. माझ्यात तेव्हा काही नव्हतंच, त्यामुळे गेलं काही नाही. काकांनी मात्र ते वाक्य पक्कं लक्षात ठेवलं. मी सोफ्याच्या फटीत हरवू नये म्हणून लाल लोकर त्यांनीच बांधली. गाठ अशी मारलीय की अजून कुणाला सुटलेली नाही.

लोकांना वाटतं माझ्यात गाण्याचा आवाज भरलेला असतो. तसं नाही. मावशी वाजवायच्या तेव्हा मी एवढंच टिपायचो की कुठली पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरात, आणि केव्हा सोडली. आवाज कीबोर्डचा. माझ्याकडे नुसती बोटं. मावशींच्या बोटांची एक खोड होती. गिरकी यायच्या आधी त्या किंचित थांबायच्या, डोळा लवायला वेळ लागतो ना, तेवढाच. मागच्या रांगेतली छोटी मुलं तेवढ्यात तोल सावरायची. नृत्यबाईंनाही हे माहीत नसावं. मला माहीत होतं, कारण माझ्यात ती थांबण्याची जागा रोज त्याच ठिकाणी असायची.

कीबोर्डच्या पोटात जागा थोडी. म्हणून एकेक गाणं बसलं की मावशी ते माझ्यात टाकायच्या आणि तिकडचं पुसायच्या. लांबच्या शहरात राहणारा त्यांचा मुलगा फोनवर सांगायचा, आई, त्याची एक नक्कल करून ठेव. मावशी म्हणायच्या, करू. हे "करू" मी खूप वेळा ऐकलं.

आता काकांविषयी. काकांची सगळी नोकरी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत गेली. पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, पाणी फार येतं, असं सांगत लोक यायचे आणि काकांना म्हणावं लागायचं, आज नाही, उद्या या. माणूस मऊ, आणि नोकरी नाही म्हणण्याची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी घरी जाहीर केलं की आता उरलेलं आयुष्य मी कुणाला नाही म्हणणार नाही. आणि पाळलं हो त्यांनी. शेजाऱ्यांची मांजर सांभाळाल का, हो. गच्चीची किल्ली ठेवाल का, हो. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घरात तीन चिमटे असताना चौथा घेतला. मावशी म्हणायच्या, यांना उद्या कुणी विचारलं की तुमचं नाक कापू का, तर आधी हो म्हणतील आणि मग आरसा शोधतील.

क्लासाचा मोठा कार्यक्रम जवळ आला होता, तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालताना मावशी स्टुलावरून पडल्या. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या आणि पहिलं वाक्य हे, की गिरकीचं काय होणार. नृत्यबाई भेटायला आल्या. चांगल्या बाई आहेत त्या. त्यांनी सांगितलं, काळजी करू नका, आपण तयार संगीत लावू. एकदा लावूनही पाहिलं होतं म्हणे. छोटी मुलं गिरकीत एकमेकांवर पडली, पण होईल सवय. मावशी हसल्या. बाई गेल्यावर मात्र काकांना म्हणाल्या, एकदा तयार संगीत आलं की दुसऱ्या खेपेला मला कशाला बोलावतील? तो कोपरा गेला म्हणजे गेला.

काका म्हणाले, अगं, पण तुझं सगळं आहेच की या लाल लोकरवाल्यात. मी कीबोर्ड नेतो, याला लावतो, बटण दाबतो. तू नुसती शेजारी बस.

योजना उत्तम होती. नृत्यबाईही कबूल झाल्या. शुक्रवारच्या तालमीला घेऊन या म्हणाल्या. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. जुन्या कीबोर्डचा पडदा काळा पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. मुलानं घाईघाईनं नवा कीबोर्ड पाठवला. दुपारी मावशी गोळी घेऊन झोपल्या होत्या. त्या उठायच्या आत सगळं लावून ठेवू, खूश होतील, असा विचार करून काकांनी तो खोक्यातून काढला, प्लग लावला आणि मला त्याच्या पाठीत बसवलं.

या कीबोर्डची पद्धत वेगळी. त्याला माझे कप्पे ओळखता आले नाहीत. पडद्यावर अक्षरं उमटली, इंग्रजीत. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग हसले. नवीन काही लावलं की तो असं विचारतोच. त्यांनी हो दाबलं.

पुसलं जाताना मला काही दुखलं नाही. माझा दिवा लुकलुकला आणि थांबला. पुष्कळ जागा झाली, एवढंच जाणवलं.

काकांनी यादी उघडली. रिकामी. त्यांनी मला काढून फुंकर मारली, पुन्हा लावलं. यादी रिकामी. कीबोर्ड उलटा करून पाहिला, जणू गाणी खाली सांडली असतील. मावशी दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्यांना कळलंच नाही.

"अगं, त्यानं विचारलं," काका म्हणाले.

"काय विचारलं?"

"इंग्रजीत विचारलं. मी हो म्हटलं."

मावशींनी एका हातानं खुर्ची ओढली आणि बसल्या. संध्याकाळपर्यंत तिथंच होत्या. काकांनी चहा केला, तो तसाच गार झाला. मुलाचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकत त्यानं सांगितलं, मी म्हणत होतो ना, नक्कल ठेवा. काकांनी त्यालाही हो म्हटलं. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. रडत असावेत. पाठ माझ्याकडे होती.

दिवे लावायच्या वेळेला मावशी उठल्या आणि कीबोर्डसमोर जाऊन बसल्या, पण स्टुलाच्या उजव्या अर्ध्या भागावर.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा डावा हात इकडे आणा."

या कीबोर्डांचं एक बरं असतं. डाव्या बाजूची एक पट्टी दाबली की मागचा सगळा ताफा, ढोलापासून तंतुवाद्यांपर्यंत, आपोआप चालू लागतो. फक्त कुठली पट्टी आणि केव्हा, हे डाव्या हातानं सांगायचं. मावशींनी चार पट्ट्यांवर चार रंगांचे कागद चिकटवले. सूर वाजवणार मावशींचा उजवा हात, ताफा चालवणार काकांचा डावा.

काकांना आधी वाटलं, हा तर डाव्या हाताचा खेळ. पहिल्याच ओळीत पाचावर धारण बसली. मावशी मानेनं खूण करायच्या. काका ती खूण पाहायचे, मग हिरवा कागद शोधायचे, मग देवाचं नाव घेऊन दाबायचे. तोवर सूर पुढे गेलेला. मावशी एकदाही चिडल्या नाहीत. चिडायचं होतं ते दुपारी करून झालं होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांना एक गोष्ट सुचली. काकांचा हात येईपर्यंत त्याच थांबू लागल्या. गिरकीपाशी तर त्या थांबायच्याच. आता काका तिथं नेमके वेळेवर पोचू लागले. गुरुवारी एक गाणं अथपासून इतिपर्यंत पार पडलं. मी ते टिपत असताना, दिवा चालू असतानाच, काकांनी आनंदाच्या भरात मला उपटायला हात घातला. मावशी अशा काही ओरडल्या की त्यांचा हात जागीच राहिला.

शुक्रवारी हॉलमध्ये काकांनी बटण दाबलं. तीन ठिकाणी ताफा सुरांच्या मागून धापा टाकत आला. नृत्यबाईंच्या भुवया वर गेल्या. मग गिरकी आली, गाणं थांबलं, आणि मागची रांग एकदम फिरली. एकही मूल पडलं नाही. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. कार्यक्रमालाही तेच वाजलं, आणि पडदा पडल्यावर बाईंनी मावशींना सांगितलं की हात बरा झाला की कोपऱ्यात तुमची खुर्ची आहेच.

आता मी म्हातारा झालोय. कधीकधी पहिल्या खेपेला लागत नाही, थोडं काढून पुन्हा बसवावं लागतं. आमच्या जातीला हे होतं आणि मग एक दिवस काहीच होत नाही. म्हणून माझं मागणं एवढंच, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यातलं आणखी कुठंतरी ठेवून द्या. "करू" म्हणू नका. मावशी अजून तेच म्हणतात.

एक प्रसंग राहिला, तो सांगून थांबतो. प्लास्टर निघालं, बोटं हळूहळू वळू लागली, आणि एका सकाळी मावशींनी तेच गाणं दोन्ही हातांनी वाजवलं. एकही चूक नाही. काका बाजूला उभे राहून ऐकत होते. मावशींनी ते माझ्यात ठेवायला बटण दाबलं, तर पडद्यावर पुन्हा अक्षरं आली. या वेळी काकांनी ती एकेक करून वाचली. याच नावाचं गाणं आधीच आहे, त्याच्या जागी हे घालू का?

"हो म्हण की," काका म्हणाले. "माझं ते काय ठेवायचं? सगळीकडे उशीर."

मावशींनी बोट उचललं आणि नाहीवर ठेवलं.

"उशीर असू दे," त्या म्हणाल्या. "मी थांबलेय ना तिथं."

नव्या गाण्याला त्यांनी दुसरं नाव दिलं. आता माझ्यात दोन्ही आहेत. जागा थोडी भरली, पण चालतंय.