गोलच्या मागची जागा

"खांब गाडाले गोलचं तोंडच सापडलं का बे तुमाले?" बाबा मंडपवाल्यावर ओरडले.

"काका, गोलच जरा सरकवा न तिकडे," म्हणत तो खांब उपटायची सब्बल खांद्यावर टाकून निघून गेला.

लग्न लोकांचं, मंडप निघाल्यावरचे खड्डे आमचे. बाबा मुरूम टाकत होते आणि भंडाऱ्याहून दोन दिवसांसाठी माहेरी आलेली मी तो पायाने दाबत होते. वरठीच्या स्टेडियमचं हे नेहमीचंच. कारखान्याच्या कामगारांनी पाळी संपल्यावर श्रमदान करून पायऱ्या बांधल्या, त्या फुटबॉलसाठी. पुढे तिथे लग्नं लागली, रावण जळला, धान वाळलं, पोलीस भरतीची पोरं पळाली. मैदान सांभाळणारे बाबा सगळ्यांवर चिडत आणि फाटक सगळ्यांनाच उघडून देत.

"आता तरी सोडा न बाबा. रिटायर झाले न तुमी?"

"तू दाब."

तेवढ्यात शाळेतल्या काही मुली आल्या. "आजोबा, आमी खेळू का?"

"खेळा न पोरीहो! मले काय विचारता?"

बाबांनी कपाटातला नवा बॉल काढून दिला. माझा पाय खड्ड्यातच थांबला. मी त्यांच्याएवढी असताना याच माणसाने सांगितलं होतं, "पोरीच्या जातीनं गोलच्या मागं थांबाव. बॉल आला का पोराइले देवाव." दहावीपर्यंत मी तिथे उभी राहिले, बॉल परत देत.

मग मले काहून नाही? एवढंच विचारायचं होतं. पण ते मैदानात रमले होते. "अवं दीपमाला, बॉल मारून राहिली का भांडे घासून राहिली?" मुली हसत होत्या, तेही. संध्याकाळी विचारू, म्हटलं.

संध्याकाळी ते दमून लवकर झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

शोकसभा ग्राउंडवरच झाली. पायऱ्या भरल्या होत्या. ग्राउंडच्या समितीचे वासुदेवराव एरवी फक्त बक्षीस द्यायला उगवायचे. ते बोलायला लागले ते थांबेनातच. शेवटी म्हणाले, "आमच्या सुखरामभाऊनं या ग्राउंडवर कोनाले कधी नाही म्हटलं नाही." सगळ्यांच्या माना हलल्या. "रिता, तू बी बोल दोन शब्द."

आभाराची दोन वाक्यं मी घरून ठरवून आले होते. माईक हातात घेतला.

"मले म्हटलं होतं," मी म्हणाले.

कोणीतरी खोकलं. वासुदेवरावांनी माईकसाठी हात पुढे केला. मी तो दिला नाही.

"मलेबी खेळाचं होतं, बाबा."