पहिली बादली

टेकलाबाईंनी छिन्नीवर हातोडी मारली. प्लास्टरचा तुकडा खाली पडला आणि आत पुन्हा पांढरंच निघालं.

एव्हाना निळं दिसायला हवं होतं.

पुतळे करायच्या या धंद्यात नीळ म्हणजे देवापेक्षा मोठी. मातीचा पुतळा झाला की त्यावर आधी पातळ प्लास्टर मारायचं आणि त्यात नीळ मिसळायची, बायका पांढऱ्या कपड्यांना घालतात तीच. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर. मग मागून आतली माती उकरून फेकायची, त्या पोकळीत प्लास्टर भरायचं आणि बाहेरचा साचा छिन्नीने फोडत आत शिरायचं. निळं दिसलं की समजावं, पुतळा नखभर अंतरावर आहे, हात हलका करा. निळं नसेल तर साचाही पांढरा आणि पुतळाही पांढरा. एक घाव जास्त पडला की नाक गेलं.

आणि हे नाक कार्नाचं होतं. एका वादळात नवरा आणि दोन मुलगे गमावलेली ही कोळीण. समुद्रात बुडालेल्यांचं बंदरावर स्मारक करायचं ठरलं, तेव्हा समुद्राकडे बघत उभ्या बाईला चेहरा हिचाच हवा, असं टेकलाबाईंनी बजावून सांगितलं होतं. महिनाभर कार्ना समोर बसली, कॉफी प्याली, बाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवली आणि नोव्हेंबरात न्यूमोनियाने गेली. जन्मात तिने फोटो काढून घेतला नव्हता. "फोटो कशाला? आरशात बघून काय कमी वैताग येतो?" म्हणायची. माती कालच उकरून फेकलेली. आता कार्ना जी काही होती ती या साच्यात होती. उरलेला एकुलता मुलगा टुरे दोन वाजता आईचं तोंड बघायला येणार होता.

"अल्बिन," बाई मागे न बघता म्हणाल्या, "टेबलावर नीळ काढून ठेवायचं काम कोणाचं?"

"माझं, बाई."

"मग कुठाय ती?"

अल्बिन अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. तो गोणपाट झटकत राहिला. "विसरलो असेन."

"विसरलो असेन! जेवायला विसरतोस का कधी? हेरिंग मासळीचा वास आला की उंबऱ्यात हजर."

"चूक झाली, बाई."

त्यांनी त्याला आणखी चार शब्द सुनावले आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. चूक त्याची होती, आपली नव्हती. पहिली बादली त्या स्वतः कालवायच्या, स्वतःच मारायच्या. अल्बिनला त्या थराला हात लावायची परवानगी नव्हती. पण टेबलावर डबाच नसेल, तर बादलीत नीळ पडणार कुठून?

त्या पुन्हा कामाला लागल्या. दगडफोड्याची पोर ती. नवव्या वर्षी बापाच्या खाणीत पाचरी ठोकल्या होत्या. पुढे स्टॉकहोमला बायकांच्या वर्गात शिकल्या. तिथल्या मास्तरांनी लहान मुलांचे मुखडे कर म्हणून सांगितलं. बाईंनी तीन नगराध्यक्ष, एक बिशप आणि स्टेशनापुढचा घोडा करून दाखवला. त्यांच्या मते घोडा सगळ्यांत चांगला जमला, कारण काम चालू असताना त्याने सूचना केल्या नाहीत.

छिन्नी कपाळावरून खाली सरकली. घामाने मूठ निसटायला लागली, तसा त्यांनी फडक्यासाठी एप्रनच्या खिशात हात घातला.

खिशात निळीचा डबा होता. भरलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अल्बिनने डबा टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो उचलला, खिशात टाकला आणि बादली तशीच कालवली. यातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं. त्यांना आठवली ती आई. शेवटच्या वर्षात पोटच्या पोरीकडे बघून विचारायची, "तू कोणाची गं?" टेकलाबाई मरणाला भीत नव्हत्या. याला भीत होत्या.

डबा बाहेर न काढता त्यांनी छिन्नी उचलली. पण घाव बसेना. हातोडी वर जायची आणि तिथेच थांबायची.

"मारा, बाई," अल्बिन म्हणाला. "नाकावर अजून दोन बोटं प्लास्टर आहे."

"तुला रे काय ठाऊक?"

त्यांनी मारलं. तुकडा पडला, पांढरं. पुन्हा मारलं, पांढरं. तिसऱ्या घावाला खालून एक काळसर रेघ निघाली. बाईंनी ओलं बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. काजळी होती, शेगडीच्या धुराड्यातली, पाण्यात कालवून फडक्याने पुसल्यासारखी.

त्यांनी ते बोट अल्बिनपुढे धरलं.

"पहिला थर मारून मी जेवायला गेले तेव्हा?"

"हो. थर पांढरा दिसला." अल्बिनची मान खाली होती. "डबा तुमच्या खिशात दिसत होता. पण मागितला असता तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून काजळी फासली."

"तुला ठाऊक होतं, आणि तासभर माझा जीव टांगणीला लावलास?"

"वाटलं, आज निळीचं तुमच्या लक्षातच येणार नाही. काळं दिसेल आणि तुम्ही पुढे जाल. मागच्या वेळांना तुमच्या लक्षात आलं नाही."

"मागच्या वेळांना?"

"तेव्हा डबा टेबलावरच राहिलेला वेळेवर दिसला. तुमची पाठ वळली की बादलीत मीच नीळ टाकायचो."

"कितव्यांदा, अल्बिन?"

"हे तिसऱ्यांदा, बाई. उन्हाळ्यापासून."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग नाक पुसून, हलक्या हाताने, काळ्या रेघेच्या आधाराने त्या आत शिरल्या. आधी भुवई निघाली, मग नाक, मग तो हट्टी वरचा ओठ. कुठे ओरखडाही नव्हता. टुरेची पावलं बाहेर बर्फात वाजली तेव्हा कार्ना खिडकीकडे बघत होती.

टुरे दारात आला, टोपी काढली आणि तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "आता मला पाय पुसायला सांगेल."

तो आईसमोर असताना टेकलाबाई मागच्या टेबलाशी गेल्या. खिशातला डबा काढून त्यांनी अल्बिनच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"पहिली बादली यापुढे तुझी," त्या म्हणाल्या. "आणि मी विचारलं, का म्हणून, तर मला हे सगळं पुन्हा सांग."