सासरेबुवांची सीट

सासरेबुवा कायमचे गप्प झाले ते एका चपलेमुळे, आणि त्यानंतर सासूबाईंनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. असं काही घडलेलंच नाही, असं धरून आपण चालू या. त्या घरातही तसंच ठरलं आहे.

तर, सासूबाईंच्या लॉन्ड्रीसमोर गर्दी जमली होती. कपडे टाकायला आलेले, न्यायला आलेले आणि कपड्यांशी काहीच संबंध नसलेले असे सगळे एका जुन्या व्हॅनकडे टक लावून उभे होते. व्हॅन सासरेबुवांची. ते गेल्यावर काही महिन्यांनी ती चालू केली की थरथरायला लागली आणि आतून ठक् असा आवाज येऊ लागला. तोही बरोबर त्या सीटखालून, जिथे बसून सासरेबुवांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली होती. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हा अर्थ थोरल्या जावयाने लावला.

थोरला जावई गाद्यांच्या दुकानात सेल्समन. उभ्या माणसाला बोलता बोलता आडवं करणं हा त्याचा धंदा. चपला बाहेर काढून तो ड्रायव्हरच्या जागी बसायचा, गाडी चालू करायचा, लॉन्ड्रीतली पांढरी चादर गुडघ्यांवरून खाली सोडायचा आणि डोळे मिटायचा.

"चादर कशाला?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आत्म्याला गुडघे बघवत नाहीत," थोरला म्हणाला. "शिवाय त्यांच्या लहरींना टेकायला सपाट जागा लागते. सिंगल चालते. डबल असेल तर उत्तम."

गर्दीने माना डोलावल्या. धाकटा जावई सगळ्यांच्या मागे उभा राहून जळत होता.

त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. या व्हॅनखाली तो दोनदा पाठीवर झोपला होता, दोनदा काळाकुट्ट होऊन बाहेर आला होता आणि दोन्ही वेळा म्हणाला होता, "काही सापडत नाही." आणि ज्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नाही, त्याला थेट सासरे सापडले. जिवंत असताना सासरे दोन्ही जावयांशी सारखंच बोलत नसत. आता बोलायला लागले तर फक्त थोरल्याशी.

"पण तुम्ही भूत मानत नाही ना?" बायकोने विचारलं होतं.

"नाही मानत. पण असलंच तर आधी माझ्याकडे यायला नको का? गाडीच्या लाइनीत मी आहे."

सासूबाईंचा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा होता, दुसरा त्याच वाटेवर. आणखी उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्यात खेटे घालून ऑपरेशनची तारीख मिळवली ती धाकट्याने. आपल्याला न विचारता मिळवली, हे थोरल्याला खुपलं होतं.

सासूबाई नवऱ्याच्या सीटवर बसल्या. "अहो, ऑपरेशन करू का?"

ठक्. ठक्.

"नको म्हणतात," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. "धाकटे, तारीख रद्द करा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी धाकट्याला विज्ञान वगैरे काही आठवलं नाही. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. "आई, जरा उतरता? मलाही जवळून ऐकायचंय."

त्या उतरल्यावर तो आत चढला आणि त्याने सीट उचलली. या जातीच्या व्हॅनमध्ये इंजिन सीटखालीच असतं.

"झाकण उघडू नका," थोरला डोळे न उघडता म्हणाला. "आत्मा थंडावतो."

"रेडिएटर आहे, तो बघून घेईल. आई, परत विचारा."

सासूबाईंनी परत विचारलं. धाकट्याने वाकून पाहिलं. शेजारची चादर हलली, इंजिन खाटकन उसळलं आणि खालच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. ठक्. चादर पुन्हा हलली. ठक्. इंजिन ज्या रबराच्या तुकड्यावर टेकलेलं असतं, तोच फाटून लोंबत होता.

धाकटा खाली उतरला, थोरल्याची एक चप्पल उचलली आणि इंजिन आणि पट्टीच्या मध्ये दामटून बसवली. "आता विचारा."

"अहो, ऑपरेशन नको ना?"

चादर हलली. व्हॅन किंचित झुलली. ठोका नाही. चादर जोरात हलली. मग चादर अशी काही हलू लागली की मागच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "सासरे नाही, पण महाराज जिवंत दिसतात."

सासूबाईंनी हात लांबवून चादर ओढली. खाली गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि थोरल्याचा डावा पाय क्लचवर. क्लच जरा सोडला की इंजिनाला हिसका बसत होता.

"इस्त्री केलेली चादर होती ही," सासूबाई एवढंच म्हणाल्या. मग धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही दोनदा तपासलीत ना गाडी?"

"एकट्याने तपासली. हे दोघांचं काम असतं, आई. एकाने क्लच सोडायचा, दुसऱ्याने आत बघायचं."

"मी विचारलं होतं, आत बसू का म्हणून," थोरला पुटपुटला. "हे म्हणाले, तुम्ही गाद्या विका."

धाकट्याने इंजिनाकडे निरखून पाहिलं. मग गर्दीकडे वळून जरा मोठ्याने बोलला, "आवाज येतो म्हणजे काहीतरी कशावर तरी आपटत असतं. काय आपटतंय ते शोधा. झाकण उघडू नका असं कोणी म्हणालं तर ते आधी उघडा. आणि डोळ्याचं गाडीला विचारू नका, डॉक्टरला विचारा."

"झालं ते झालंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "चादर धुवायला टाका. तारीख रद्द करू नका."

नवं रबर बसलं, ऑपरेशन झालं, आणि डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर सासूबाईंना भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचता आलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, "बिघाड खरा थोरल्यांना सापडला हो. कुठे दाबलं की आवाज येतो, हे कळायला डोकं लागतं."

सबब, सदर कौतुकाची दोन्ही जावयांत समसमान फेरवाटणी व्हावी, अशी धाकट्या जावयाची सासरेबुवांच्या सेवेशी नम्र विनंती आहे. मंजुरी एका ठोक्याने कळवावी.