रिंगले इचारणं

आमच्या देवळीत बास्केटबॉलचा एकच खांब आहे, आणि तो काळ्या मातीत उभा आहे. रूपरावकाकांनी नऊ वर्षांपूर्वी तो आपल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवला आणि तीन फूट खड्डा खणून पुरला. काळ्या मातीला तीन फूट कमी पडतात. पावसाळ्यात माती फुगते आणि खांब मागे रेलतो. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि तो पुढे झुकतो. नियमाने रिंग जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटीमीटरवर हवी. मी बीएस्सीला असताना वर्षभर टेप लावून मोजली: मे महिन्यात दोन मीटर सत्त्याण्णव, ऑगस्टमध्ये तीन मीटर आठ.

म्हणून इथे कुणीही मैदानावर आलं की पहिले दोन बॉल हिशेबात धरत नाहीत. ते फक्त आज रिंग कुठे आहे हे बघण्यासाठी. याला 'रिंगले इचारणं' म्हणतात. नवा पोरगा पहिल्याच बॉलला पॉइंट मागायला लागला, की सगळे हसतात.

याच मैदानावरचा अश्वजित यंदा नागपूरच्या 'विदर्भ बिबटे' संघाच्या कॅम्पमध्ये पोचला. तो आमच्या समोरच्या घरात राहतो, वीस वर्षांचा आहे आणि मला ताई म्हणतो. कॅम्पमध्ये सोळा जण, लीगसाठी बारा निवडायचे. मी बिबट्यांचे सामने तीन वर्षं बघते आहे, त्यामुळे माझी यादी तयार होती. कप्तान ऋतिक चेंडू इतका शांतपणे फिरवतो की समोरच्यालाच घाई होते. दोन उंच खेळाडू आहेत. त्यातला सहा फूट नऊ इंचांचा, रिंगखाली खेळणारा नवा सेंटर हा माझा लाडका अंदाज. संघाला कमी काय, तर दुरून नेम धरणारा एक जण. ती बारावी जागा. तिच्यासाठी दोघे होते: अमरावतीचा मुकेश आणि आमचा अश्वजित.

सराव सामने पाच होते आणि मोबाईलवर दिसायचे. मी वही घेऊन बसायचे. पहिल्या तीन सामन्यांत मुकेशचे दुरून पंचवीस शॉट, दहा आत. अश्वजितचेही पंचवीस, पण नऊच आत. मग मी त्याचे चुकलेले शॉट क्रमाने लिहून पाहिले. कोच त्याला नेहमी मध्यंतरानंतर उतरवायचे. मध्यंतराला बाजू बदलतात, म्हणजे समोरची रिंग त्याच्यासाठी नवी. तिन्ही सामन्यांत त्याचे पहिले दोन शॉट चुकले होते. सहापैकी शून्य. ते सोडले तर एकोणीसपैकी नऊ, म्हणजे मुकेशपेक्षा सरस.

मी लगेच फोन केला. "अश्वजित, तू तिथं रिंगले इचारून राह्यला का?"

तो म्हणाला, "हात आपोआपच इचारते ना ताई."

"ती रिंग सिमेंटात आहे बाबा. तिथं सगळ्या तीन मीटर पाचच. इचारू नको, सरळ मार."

"बरं," तो म्हणाला. "तू मोजलं असंल तं बरोबरच असंल."

चौथ्या सामन्यात त्याने सरळ मारले. आठ शॉट, एक आत. शेवटच्या तीन मिनिटांत कोचनी त्याला बसवलं. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला कॅमेऱ्यात दिसला. त्याची जागा माझ्या सल्ल्याने जात होती.

कॉलेजात व्हर्निअर कॅलिपर हातात घेतलं की आधी शून्याची चूक बघायची, म्हणजे काही न धरता ते शून्य दाखवतं का, मग वाचन घ्यायचं, हे मी तीन वर्षं केलं. उपकरण नवं असलं तरी बघायची. अश्वजित तेच करत होता, फक्त त्याचं उपकरण खांद्यापासून बोटांपर्यंत होतं. मी त्याला शून्य न बघता मोजायला सांगितलं आणि वर त्यालाच शास्त्र समजले.

त्या संध्याकाळी मी पुन्हा फोन लावला. म्हणाले, "माझं चुकलं. इचारणं सोडू नको. पण सामन्यात नको, मध्यंतरात इचार."

"मध्यंतरात बॉल मोठ्यांच्या हाती राह्यते, ताई. आम्ही नवे लोक तं बॉल उचलून देतो."

"मंग माग. दोनच बॉल माग."

"मले लाज वाटते."

"आठातला एक गेला, त्याची नाई वाटली?"

तो हसला. मला बरं वाटलं.

पाचवा सामना बघायला मी बसने नागपूरला गेले. मध्यंतराचा भोंगा झाला. खेळाडू परत आले तेव्हा मध्यंतराची तीन मिनिटं उरली होती. अश्वजित कप्तानाजवळ गेला आणि काहीतरी बोलला. ऋतिक मोठ्याने म्हणाला, "घ्या, देवळीचे साहेब. आणखी काही पाहिजे? चहा?" सगळे हसले. पण त्याने बॉल दिला.

पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. दुसरा मागच्या. अश्वजितने मान हलवली, बॉल परत केला आणि खाली पडलेले उचलायला लागला. समोर बेंचवर कोच पेन थांबवून बघत होते.

तो उतरला. कोपऱ्यातून त्याने पहिला शॉट मारला. चेंडू रिंगला न लागता जाळीतून गेला आणि जाळी वर उडाली. त्या दिवशी सातपैकी चार. चाळीसपैकी एकूण चौदा झाले. मुकेशचे सोळा होते. बसमध्ये मी ही बेरीज तीनदा केली. ती बदलली नाही.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला.

"ताई, बारावा."

मला आधी वाटलं तो मुकेशबद्दल बोलतो आहे. "मंग मुकेश?"

"तो अकरावा. तुया लाडका लंबू गेला."

माझी यादी चुकली होती. "कोच काय म्हणले?"

"इचारलं, ते दोन बॉल काऊन मारले. मी खांबाचं सांगतलं. ते म्हणले, लीगमध्ये नऊ शहरं आहेत, नऊ मैदानं. आता मध्यंतरात पहिले दोन बॉल नव्या लोकायचे." मग तो म्हणाला, "आन ते येऊन राह्यले देवळीले. खांब पाहाले."

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी मी मैदानावर गेले, तर रूपरावकाका दोन माणसं, पहार आणि सिमेंटची गोणी घेऊन खांबाशी उभे.

"मोठा माणूस येते," ते म्हणाले. "तिरपा खांब दाखवू का त्याले? सरळ करून टाकतो."

मी खांबाला पाठ लावून उभी राहिले. "काका, पाया पडते. याले हात नका लावजा."