एका नंबरचे दोन फोन

आमच्या घरात नंबर एक आणि फोन दोन. एक खाली माझ्या खोलीत, दुसरा वरच्या मजल्यावर धाकट्या जावेकडे. दोन्ही एकाच तांब्याच्या तारेवर, त्यामुळे एकीने उचलला की दुसरीचं सगळं ऐकू येई. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून आम्हा दोघींचं बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं झाली. यंत्र दोघींनाही चालवता येत नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

बोलणं बंद होतं, ऐकणं नव्हे. रोज सकाळी अकराला धाकटीच्या बहिणीचा फोन येई. मी रिसीव्हरखालचं बटण बोटाने दाबून धरायचे, रिसीव्हर कानाला लावायचे आणि मग बोट अलगद सोडायचे, म्हणजे खट्ट होत नाही. ही विद्या मी नणंदेचं लग्न जमत होतं तेव्हा शिकले. धाकटीचा गुडघा, तिच्या मुलाची बदली, सगळं मला ठाऊक. माझ्याबद्दलही ती बरंच बोलायची. त्यातलं निम्मं खरं असायचं, म्हणून राग जास्त यायचा.

एक दिवस सूनबाई म्हणाली, "आई, तांब्याची लाइन बंद होतेय. सोमवारी फायबर येणार. आता फोन माझ्या टेबलावरच्या डबीला लागेल."

"आणि वरचा?"

"काकूंकडे मोबाइल आहे की."

मोबाइल! म्हणजे तिचं बोलणं जिन्यापर्यंतसुद्धा यायचं नाही. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सोमवारी ड्रिल घेऊन एक चुणचुणीत मुलगी आली. कानावर पेन्सिल, खांद्यावर वायरचं भेंडोळं. ती भिंतीला भोक पाडणार तोच मी म्हणाले, "इथे नको हं. आतून पाण्याचा पाइप गेलाय."

"आणि त्या भिंतीत?"

"तिथेही."

तिने ड्रिल खाली ठेवलं. "आजी, आत्ता वरची वायर बघायला गेले होते, तर वरच्या आजीही हेच म्हणाल्या. एवढे पाइप तर धरणाला नसतात. खरं सांगा, अडचण काय आहे?"

परक्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं. मी सांगून टाकलं. ती इतकी हसली की पेन्सिल पडली.

"हात्तिच्या! बाहेरची तार तोडते, घरातली राहू दे. डबीतली फोनची वायर या जुन्या सॉकेटमध्ये सोडली की दोन्ही फोन चालतील."

तासाभरात काम झालं. ती अंगणात गेली आणि तिथून तिने मोबाइलवरून आमचा नंबर लावला. घंटा वाजली. मी उचलला.

"हॅलो," मी म्हणाले.

"हॅलो," धाकटी म्हणाली.

"झालं काम!" म्हणत त्या मुलीने फोन बंद केला. आम्ही दोघींनी मात्र रिसीव्हर ठेवले नाहीत.

"लागला वाटतं," धाकटी म्हणाली.

"लागला. तुझ्या भिंतीतून पाणी नाही ना आलं?"

"तुमच्याकडून येईल म्हणून वाट बघत होते."

मला हसू आलं. ते तिला ऐकू गेलं असणार, कारण तिचा आवाज लगेच कडक झाला.

"ठेवा आता, अकरा वाजत आलेत. आणि ताई, ऐकताना श्वास जरा बेताने घेत जा. बहिणीला वाटतं मला दमा झालाय. मागच्या महिन्यात तिने औषध पाठवलं."

"घेतलंस की काय?"

"मी कशाला घेऊ? दमा तुमचा, औषध तुमचं. बाटली तशीच ठेवलीय. वर येऊन घेऊन जा. मी काही जिना उतरायची नाही."

"मीही चढायची नाही."



"मग अर्ध्या जिन्यावर," ती म्हणाली.